बार अँड ग्रिलमधील कच्चे चिकन, सक्तीचे सेवाशुल्क आणि उद्धट वागणूक : तक्रार नेमकी कोठे करावी?

गोदाकाठ (नाशिक) :

नमस्कार. गेल्या रविवारी रात्री आम्ही घरची मंडळी, आई-वडिलांसह, शहरातील एका बार अँड ग्रिलमध्ये जेवायला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. तंदुरी चिकनची तंगडी तोडली तेव्हा वरचा मसाला करपलेला होता, पण हाडाजवळचे मांस गुलाबी आणि चिवट निघाले व ताटलीत तांबूस पाणी उतरले. वेटरला दाखवल्यावर तो ताटली घेऊन गेला आणि थोड्या वेळाने तीच अर्धवट तोडलेली तंगडी आणखी करपवून आमच्यासमोर आणून ठेवली. माशाच्या टिक्क्याला वास येत होता, त्यावर ‘मासळीला वास असायचाच’ एवढेच उत्तर मिळाले.

बिलात १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेले होते आणि २० रुपये छापील किंमत असलेल्या पाण्याच्या बाटलीचे ६० रुपये लावले होते. याबद्दल विचारताच व्यवस्थापक माझ्या वडिलांना म्हणाला, “परवडत नसेल तर अशा ठिकाणी येऊ नये, काका.” पूर्ण पैसे भरेपर्यंत दारातील बाउन्सरने आमची वाट अडवून धरली. दुसऱ्या दिवशी आईला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे लागले.

बिल आणि ताटलीची छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. पैसे परत मिळावेत ही माझी मुख्य इच्छा नाही. वडिलांचा झालेला अपमान आणि तसले चिकन उद्या कुणाच्या लहान मुलाच्या ताटात जाईल ही भीती, या दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. तक्रार कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने करावी?

भटारखाना :

मी बरीच वर्षे हॉटेलांच्या किचनमध्ये काम केले आहे, म्हणून आधी चिकनविषयी लिहितो. हाडाजवळचा प्रत्येक लालसरपणा म्हणजे कच्चेपणा नव्हे. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते आणि फ्रोझन माल असेल तर हाडातील मगजाचा रंग मांसात उतरतो, त्यामुळे पूर्ण शिजलेली तंगडीही हाडापाशी काळपट लाल दिसू शकते. परंतु मांस चिवट, चकचकीत असणे, हाडापासून न सुटणे आणि तांबूस पाणी उतरणे, ही लक्षणे कच्च्या मांसाचीच आहेत. तक्रारीत नुसते ‘गुलाबी होते’ असे लिहू नका, ही सगळी लक्षणे लिहा. नाहीतर मालक रंगाचे कारण पुढे करून मोकळा होईल.

असे होण्याची कारणे ठरलेली असतात. रविवारी गर्दी होणार म्हणून दुपारीच तंगड्या अर्ध्या भाजून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तंदूरमध्ये सोडतात. मधले काही तास त्या फ्रीजबाहेर पडून राहिल्या तर खरा धोका तिथे निर्माण होतो. दुसरे कारण म्हणजे बर्फ पुरता न सुटलेला माल सळईला लावणे. तंदूरच्या आचेने वरचे दही-मसाला करपतो आणि आत गारच राहते. मांसाच्या गाभ्याचे तापमान साधारण ७५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे, आणि ते तपासणारा थर्मामीटर काही फार महाग नसतो. ग्राहकाने परत पाठवलेला तुकडाच करपवून पुन्हा वाढणे, हे मात्र गर्दीचे कारण देऊन झाकता येणार नाही. चांगला उस्ताद तो तुकडा फेकून नवी तंगडी लावतो.

साधा ग्राहक (पुणे) :

बिलाबद्दलच्या आपल्या दोन मुद्द्यांपैकी एक भक्कम आहे आणि दुसरा कमकुवत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क आपोआप बिलात धरता येत नाही. ते पूर्णपणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे वैध ठरवली. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्या निकालाविरुद्ध अपील केले असले, तरी आपण या आधारावर रक्कम निश्चित परत मागू शकता. त्या शुल्कावर जीएसटीही आकारला आहे का, तेही बिलात पाहा.

पाण्याच्या बाटलीचा मुद्दा मात्र मी पुढे रेटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असा निकाल दिला की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीबरोबर जागा व सेवाही दिली जाते, त्यामुळे तेथे छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो. हा निकाल मला पटत नाही, परंतु तो आहे. कमकुवत मुद्दा सर्वांत वर लिहिला की समोरचा फक्त त्यालाच उत्तर देतो आणि कच्चे चिकन बाजूला पडते.

सेवाशुल्कासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेच्या बिलासाठी फीही लागत नाही.

अन्नदाता :

माझ्या मते पहिली तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी द्यावी, कारण आपल्याला वाटणारी मुख्य भीती तिथेच दूर होऊ शकते. बिलावर १४ अंकी परवाना क्रमांक असला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचे आहे. तो क्रमांक तक्रारीत घाला. नसेल तर ते न छापणे हाच वेगळा मुद्दा होतो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपण खाल्लेल्या तंगडीची तपासणी आता होणार नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः पदार्थ तपासून घेता येतो, पण तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. म्हणून ‘त्या पदार्थाची चौकशी करा’ असे न लिहिता ‘स्वयंपाकघराची तपासणी करावी’ अशी मागणी करा. साठवणुकीचे तापमान आणि स्वच्छता यांत दोष आढळले तर अधिकारी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देऊ शकतात आणि अस्वच्छतेसाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आईंच्या आजाराबाबत मालक ‘दुसरीकडे काहीतरी खाल्ले असेल’ असे म्हणणारच. साल्मोनेलासारख्या जंतूंची लक्षणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांनीही दिसतात, त्यामुळे नुसत्या वेळेवरून काही सिद्ध होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आणि निदान असू द्या. जुलाब अजून सुरू असतील तर शौचाची तपासणी करावी का, हे त्यांना आजच विचारा, कारण प्रतिजैविके सुरू झाल्यावर जंतू सापडणे अवघड होते.

साधा ग्राहक (पुणे) :

बाउन्सरने वाट अडवणे हा प्रकार अन्नाच्या तक्रारीत मिसळू नका. वादातील रक्कम सोडून बाकी पैसे देण्याची तयारी असताना कुणालाही अडवून ठेवण्याचा अधिकार हॉटेलला नाही. त्यासाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज द्या आणि दारातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती त्यात आवर्जून करा. काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. पुढे असे घडलेच तर जागेवरूनच ११२ ला फोन करावा. वेटरचे नाव मात्र कोणत्याही अर्जात घालू नये असे मला वाटते. त्याच तंगडीला पुन्हा तंदूरमध्ये घालायचे हे त्या पोराने ठरवलेले नसते, आणि नोकरी मात्र त्याचीच जाते.

गोदाकाठ (नाशिक) :

सर्वांचे मनापासून आभार. बिल पुन्हा पाहिले. परवाना क्रमांक आहे, आणि सेवाशुल्कावर जीएसटीही लावलेला आहे. पाण्याचा मुद्दा काढून टाकतो. आईला घेऊन आता डॉक्टरांकडे निघालो आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाचा अर्ज उद्या स्वतः जाऊन देईन व पोचपावती घेईन. भटारखाना, आपण सांगितलेली लक्षणे मी त्यात जशीच्या तशी लिहिली आहेत.