बुटक्या लव्हाळ्याची जात कशी ठरवावी

तिधारी दांडा दिसला की लव्हाळा ओळखला, हे म्हणणे लव्हाळ्याच्या कुळापुरते बव्हंशी बरोबर आहे. जात ठरवायला मात्र ते पुरत नाही. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या गवताळ प्रदेशातल्या बुटक्या कॅरेक्समध्ये (लव्हाळ्याच्याच कुळातला एक गट) खरी खूण फळाभोवतीच्या इवल्या पिशवीत असते, आणि भिंगाखाली तिच्यावरची लव पाहिल्याशिवाय मी तरी नाव घेत नाही. त्यांतल्या कॅरेक्स अंबेलाटा या जातीचे तर बहुतेक तुरे पानांच्या बुडाशीच दडलेले असतात, त्यामुळे झुपका बोटांनी फाकवून जमिनीलगत शोधावे लागते. फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गळू लागतात, म्हणून नमुना त्याआधीच घ्यावा.

लागवडीसाठी बियांची वाट पाहण्यापेक्षा मुळांसकट फुटवे वेगळे करून लावणे मला अधिक खात्रीचे वाटते. कोरड्या जागेची जात असली तरी पहिल्या हंगामात पाणी द्यावेच लागते.