लुमिक्स एलएक्स३ नेमका कोणत्या साली बनला? (मामाची इज्जत पणाला लागली आहे)

रानजाई (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, पण मागे घरातलं भांडण आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

मामाने त्याचा जुना पॅनासॉनिक लुमिक्स एलएक्स३ मला दिला. काळा, लेन्सवर लायकाचं नाव, झाकण दोरीने लटकतंय, उजव्या कोपऱ्यावरचा रंग हाताळून उडालाय. मामा सांगतो, "दिवाळी २०१०. मुंबईत फोर्टात घेतला. सील माझ्यादेखत फोडलं." आमचा दादा (मावसभाऊ) नेटवर बघून आला की हे मॉडेल २००८ चं. झालं! आता ताट वाढलं की दादा सुरू, "मामा, दोन वर्षं वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला तुझ्या." मामा पान अर्धवट टाकून उठतो आणि मामी माझ्याकडे बघते, जणू कॅमेरा मी मागितला हाच गुन्हा.

बिल सापडत नाही. खोकं आहे, त्यावर किमतीचं पांढरं स्टिकर आहे आणि स्टिकरवर ०३/२०१० छापलंय. दादाचं म्हणणं, खोकं काय, कुठलंही देतात. त्याचा हुकमी एक्का वेगळाच आहे. कॅमेरा सुरू केला की घड्याळ १ जानेवारी २००८ दाखवतं. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, तिथे शटर, आयएसओ सगळं आहे, पण बनावटीची तारीख कुठेच नाही.

कारखान्यातून कधी निघाला हे कळायचा काही खात्रीचा मार्ग आहे का?

पिंपळपार

फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कुठल्या व्हर्जनचं आहे ते बघा मेन्यूत. जुनं असेल तर जुना लॉट.

बोराबाजार

फर्मवेअरने काही ठरत नाही. मागाहून कोणीही नवं चढवू शकतो. कारखान्यातलंच राहिलं असेल तरी एवढंच कळतं की कॅमेरा त्या व्हर्जनच्या आधी बनलेला नाही.

ताई, बोरा बाजाराच्या गल्लीत कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. मामांना म्हणावं, आधी जेवून घ्या.

दादाचा हुकमी एक्का पहिल्यांदा बाजूला काढू. कॅमेऱ्याच्या आत घड्याळापुरती एक बारीक बॅटरी असते, ती मोठ्या बॅटरीवर चार्ज होते. कॅमेरा कपाटात पडून राहिला की ती उतरते आणि घड्याळ मूळपदावर जातं. मूळपद म्हणजे बहुतेक कंपन्यांत १ जानेवारी, आणि साल त्या मॉडेलच्या जन्माच्या आसपासचं. आता गंमत बघा. एलएक्स३ जाहीरच झाला जुलै २००८ मध्ये. १ जानेवारी २००८ ला हा कॅमेरा जगातल्या कुठल्याच दुकानात नव्हता. दादाला एवढंच विचारा.

लोक इथे कायम घोळ घालतात. मॉडेल जाहीर झालं ती तारीख निराळी, तुमचा नग कारखान्यातून निघाला ती निराळी, जहाजातून उतरला ती आणखी निराळी, आणि मामांनी पैसे मोजले ती चौथी. पुढचं मॉडेल एलएक्स५ जाहीर झालं जुलै २०१० मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं एलएक्स३ बनत होता, विकला जात होता. नवं मॉडेल आलं की दुकानदार जुना स्टॉक सणाच्या तोंडावर भाव पाडून काढतो. त्यामुळे दिवाळी २०१० ला सीलबंद एलएक्स३ मिळणं यात नवल काहीच नाही, उलट मामांनी सौदा चांगला केला असणार.

स्टिकरकडे दुर्लक्ष करू नका. वेष्टनबंद मालावर महिना आणि साल छापायचा नियम आपल्याकडे १९७७ पासून आहे. २०११ च्या एप्रिलपासून तोच वैधमापनाच्या (वजनमापांच्या) नव्या नियमांत आला. त्या काळी बाहेरून आलेल्या मालावर बहुधा आयातीचा महिना असायचा, बनावटीचा नव्हे. स्टिकरवर नीट वाचा, काय लिहिलंय. आणि दादाची शंका रास्त आहे, खोकी खरंच अदलाबदल होतात. म्हणून खोक्यावरच्या बारकोडखालचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर जुळवून बघा. बुडावरचा नंबर इतका बारीक असतो की मोबाईलने फोटो काढून मोठा करूनच वाचावा लागतो. आणि हो, दुबई-सिंगापूरहून बॅगेतून आलेल्या मालावर हे किमतीचं स्टिकर नसतं. तुमच्या खोक्यावर आहे, म्हणजे माल रीतसर आलेला.

आता मुद्द्याचं. लुमिक्स प्रत्येक फोटोत स्वतःची जन्मतारीख लिहून ठेवतो. फोटोच्या पोटात मेकरनोट नावाचा कप्पा असतो, कंपनीने स्वतःपुरता राखलेला. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसत नाही, म्हणून तुम्हाला सापडला नाही. त्यासाठी एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर लागतं. फिल हार्वे नावाच्या गृहस्थाने लिहिलंय, फुकट आहे. उतरवून घ्या, कॅमेऱ्यातला फोटो माउसने उचलून त्याच्या आयकॉनवर टाका. काळी खिडकी उघडेल आणि शेदोनशे ओळी धावतील. त्यात 'इंटर्नल सिरीयल नंबर' शोधा. मुळात तो असा असतो: तीन अक्षरं, मग साल-महिना-दिवस असे सहा आकडे, मग चार आकडी क्रमांक. एक्झिफटूल त्याची फोड करून सरळ तारीखच दाखवतं. हा नंबर बुडावरच्या नंबरशी जुळणार नाही, घाबरू नका, दोन्ही वेगळेच आहेत.

एक मात्र सांभाळा. फोटो कार्डावरून थेट घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत यातलं काही उरत नाही, सगळं गाळलं जातं. आणि मोबाईलवर एडिट केलेला फोटोही नको.

निकॉनवेडा

काका, छान माहिती. माझ्याकडे डी९० आहे, त्याचंही असं निघेल का? शटर काउंट काढता येतो मला.

बोराबाजार

निकॉन फोटोत शटर किती वेळा उघडलं ते लिहितो, तारीख नाही. गाडी किती पळाली ते कळेल, शोरूममधून कधी निघाली ते नाही. कॅनन आणि सोनीच्या बॉडीतही अशी सरळ तारीख सहज मिळत नाही. फुजीत मिळते, तिथेही इंटर्नल सिरीयल नंबरच्या लांबलचक ओळीत सहा आकडे साल-महिना-दिवसाचे असतात. पेंटॅक्सवाले सगळ्यात सज्जन, त्यांच्या फोटोत 'मॅन्युफॅक्चर डेट' असा वेगळा रकानाच असतो. फक्त पेंटॅक्स दुरुस्तीला जाऊन आला असेल तर ती तारीख बदललेली असू शकते.

डी९० ऑगस्ट २००८ चं मॉडेल, आणि बनायचा थायलंडमध्ये, अयुथ्याच्या कारखान्यात. ऑक्टोबर २०११ च्या पुरात तो कारखाना पाण्याखाली गेला, उत्पादन बंद पडलं, नव्या वर्षात कुठे हळूहळू सुरू झालं. तेव्हा बुडावर 'मेड इन थायलंड' असलेला निकॉन कोणी नोव्हेंबर २०११ ची बनावट म्हणून विकायला आणला, तर चहा पाजून परत पाठवावा.

त्याहून जुना कॅमेरा असेल तर बुडावरच्या खुणा बघा. फुली मारलेली कचरापेटी असते ना, तिच्याखाली जाड काळी पट्टी असली तर तो माल १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आला, ही युरोपची खूण. हल्ली पोरं सीसीडी सीसीडी (जुन्या पद्धतीचा, चित्र टिपणारा सेन्सर) करत २००२ ते २००४ चे कॅमेरे घेतात, त्यांनी हे जरूर बघावं. त्या काळातल्या सोनीच्या काही सीसीडी दमट उष्ण हवेत दगा द्यायच्या, आतली जोडणी सुटायची. सोनीने ऑक्टोबर २००५ मध्ये ते जाहीरही केलं, आणि त्या सीसीडी इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होत्या. कोकणात राहणाऱ्याने असला कॅमेरा घेताना फोटो काढून, पडद्यावर जांभळ्या रेघा येत नाहीत ना हे पाहूनच पैसे द्यावेत.

पिंपळपार

रानजाई, अजून एक. एलएक्स३ ला पन्नासेक एमबीची आतली मेमरी आहे. कार्ड काढून कॅमेरा सुरू करा आणि प्ले दाबा. लोक दुकानात कार्ड नसताना एखादा फोटो मारतात आणि तो तिथेच पडून राहतो.

रानजाई (सांगली)

मंडळी!!! लिहायला उशीर झाला कारण घरी सुनावणी चालू होती.

आधी नंबर. खोकं आणि बूड, दोन्हीकडचा जुळला. अगदी अक्षरन् अक्षर. स्टिकर भिंगाने वाचलं, 'मंथ अँड इयर ऑफ इंपोर्ट' असंच लिहिलंय. एक्झिफटूलची काळी खिडकी बघून आई म्हणाली व्हायरस आला. पण ओळ सापडली. कंसात तीन अक्षरं आणि पुढे २००९, ११ वा महिना. दिवस आणि पुढचा क्रमांक इथे टाकत नाही. म्हणजे नोव्हेंबर २००९ ला बनला आणि मार्च २०१० ला देशात आला. दादाची 'दोन वर्षं' तिथेच निम्मी झाली.

पण दादा वकील व्हायला हवा होता. म्हणे, "बरं, नोव्हेंबर २००९. मार्च ते दिवाळी कोणीतरी वापरला असेल." मग पिंपळपार यांचं ऐकून कार्ड काढलं.

आतल्या मेमरीत फक्त एकच फोटो निघाला. फाईलचं नाव पी१०००००१. दुकानाचं काउंटर, त्यावर आमच्या कॅमेऱ्याचंच उघडलेलं खोकं, कोपऱ्यात प्लास्टिकची पिशवी चुरगळलेली, आणि मागे आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा नि मामाची मिशी. तारीख अर्थातच १ जानेवारी २००८, घड्याळ लावलेलंच नव्हतं. दादा उड्या मारायला लागला. तेवढ्यात मामीने बोट ठेवलं, आरशाशेजारी भिंतीवर कालनिर्णय. महिन्याचं नाव वाचता येतं, नोव्हेंबर. साल फ्लॅशमध्ये धुऊन गेलंय. पण मोठं करून बघितलं तर १ तारीख सोमवारच्या ओळीत आहे. मोबाईलवर मागचे नोव्हेंबर काढून बघितले. २००८ चा शनिवारी सुरू होतो, २००९ चा रविवारी, २०१० चा सोमवारी. लक्ष्मीपूजन त्या वर्षी ५ नोव्हेंबरला होतं.

मामाने फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला आहे. दादा अजून म्हणतोय की फाईलचा क्रमांक रिसेट करता येतो. बोराबाजार काका, येतो का हो?

बोराबाजार

येतो. मेन्यूत 'नंबर रिसेट' आहेच. पण दादाला विचारा, वापरलेला कॅमेरा विकणारा दुकानदार क्रमांक रिसेट करेल, खोकं नव्याने सील करेल, आणि नेमकी घड्याळाची बॅटरीही उतरवून ठेवेल, एवढा उद्योग दिवाळीच्या गर्दीत? पडून राहिलेल्या नव्या मालाचं घड्याळ लावलेलं नसतंच, म्हणूनच तुमच्या फोटोवर २००८ आलं. घड्याळ चुकीचं असणं हा इथे मामांच्या बाजूचा पुरावा झाला.

लुमिक्सला एक छुपा मेन्यूही असतो, तो किती वेळा सुरू केला आणि शटर किती वेळा दाबलं ते दाखवतो. पण २०१० चं भांडण आजच्या आकड्याने मिटणार नाही, आणि कळांचा क्रम दर मॉडेलला वेगळा. उगाच दाबादाबी करून चालता कॅमेरा अडकवू नका.

त्यापेक्षा बॅटरी पूर्ण चार्ज करून कॅमेऱ्यात घाला आणि चोवीस तास तशीच राहू द्या. आतली घड्याळाची बॅटरी भरेल. मग तारीख लावा, पुढे तीनेक महिने मोठी बॅटरी काढली तरी घड्याळ टिकतं. वर्षभराने तरी टॉर्च मारून लेन्समध्ये बघत जा. जाळ्यासारखी नक्षी दिसली तर बुरशी. सांगलीच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवू नका, डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

निकॉनवेडा

काका, जाता जाता. मित्र एक कॅनन लेन्स विकतोय, मागच्या माउंटजवळ (कॅमेऱ्याला जोडायची कडी) यूव्ही०८१२ असं छापलंय. २०१२ ची म्हणतो.

बोराबाजार

नाही. पहिलं अक्षर कारखाना, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं अक्षर साल. १९८६ ला ए धरा आणि मोजत या, व्ही येतो २००७ ला. पुढचे दोन आकडे महिना, म्हणजे ऑगस्ट. शेवटचा १२ कारखान्याचा स्वतःचा क्रमांक, त्याला साल समजू नका. २०१२ ची असती तर झेड संपून पुन्हा ए आला असता. पाच वर्षांचा फरक आहे, भाव त्याप्रमाणे पाडून मागा.