रास्पबेरी आहे तोवरच जमूया

ताई, पोर्टलंडजवळच्या सॉवी आयलंड बेटावरच्या बेरी फार्मवर ऑक्टोबरमध्ये प्रत्येकाने एकेक गोड पदार्थ घेऊन जमायचं, ही कल्पना खूपच आवडली, फक्त तारीख जरा अलीकडे आणा ना, सप्टेंबरचा तिसरा शनिवार बघा. ऑक्टोबरात तिथे हॅलोवीनच्या भोपळ्यांसाठी अख्खं पोर्टलंड लोटतं आणि बेटावर जायला पूल एकच. आणि ब्लूबेरी तर तोवर संपलेली असते, राहते ती उशिरा धरणारी रास्पबेरी, तिलाही पाऊस लागला की झाडावरच बुरशी येते. पिकलेली असली की नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सुटते, मधला गाभा झाडावरच राहतो आणि पोकळ टोपीसारखी हातात येते, ओढावी लागली तर राहू द्या.

मी श्रीखंड आणते, चक्का रात्रभर टांगून, आणि रास्पबेरी तिथे खुडून वाढताना वरून घालू, आधी मिसळली तर पाणी सुटतं. बासुंदीत मात्र कुणी बेरी घालू नका, मागे मी गरम दुधात घातली आणि चार लिटर दूध फाटलं, इतकं वाईट वाटलं. काजू-बदाम असलेल्या डब्यांवर चिठ्ठी लावा प्लीज, लहान मुलं येणारेत. आणि बाहेरचं खाणं चालतं का ते फार्मवर आधी फोन करून विचाराल का?