गुणांचा विक्रम आणि विजयांचा विक्रम

अल्पाइन स्कीइंगच्या, म्हणजे बर्फाच्या उतारावरच्या स्की शर्यतींच्या महिला विश्वचषकात स्लोव्हेनियाच्या टीना माझेचे 2012-13चे 2414 गुण कुणालाच गाठता आले नाहीत, म्हणून तोच सर्वोत्तम हंगाम, असं काही जण म्हणतात. पण तिचे विजय 11. पहिल्याला 100, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 60 गुण. सगळ्या प्रकारांत उतरून सतत पहिल्या तिघींत राहिलं की बेरीज वाढत जाते. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने 2018-19मध्ये 17 शर्यती जिंकून स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरचा एका हंगामातल्या 14 विजयांचा विक्रम मोडला. मला हे जास्त मोठं वाटतं. त्यातल्या 8 स्लॅलम (जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळत उतरायची, दोन फेऱ्यांची शर्यत), आणि तिथे दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतल्या पहिल्या 30 जणी उलट्या क्रमाने उतरतात. आघाडीवरची सर्वांत शेवटी! तोवर गेटपाशी वळणावळणाला बर्फात खोल चर पडलेले असतात. स्की चरात उशिरा वळली की पुढचं गेट हुकतं, आणि शर्यत तिथेच संपते.