मदत हवी आहे : खानापूरकडे घर बांधतोय, फरशीखाली इन्सुलेशन घालावं का?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला घर बांधायला काढलंय. जोतं झालं, मुरूम भरून धुम्मस चालू आहे, पुढे सोलिंग (दगड-खडीचा थर) आणि पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). त्याआधी ठरवायचंय, म्हणून घाई.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून आषाढात पांढरा लोणा फुटतो. आई स्वयंपाकघरात पोती अंथरते, तर तीच खालून काळी पडतात. थंडीत सकाळी फरशीवर पाय टेकवला की तिचे गुडघे धरतात, हे वेगळंच.

मेहुणा जर्मनीत असतो. तो म्हणतो, डोळे झाकून एक्सपीएसच्या (दाट, कडक फोमच्या) शीट घाल. गवंडी म्हणतो, "वाळवीला आयती बिळं कशाला करून देताय?"

मला वाटतं, तिकडे घरभर हीटर चालतो, ती ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून ती सोय. आमच्याकडे हीटर कोण लावतो? उलट एप्रिल-मेमध्ये खालची गार जमीनच घर सोसवते. उन्हाळ्यात तापते ती गच्ची, पैसा तिथे घातलेला बरा. पण आईच्या खोलीचं काय? फक्त तिच्या खोलीत 25 मिमी शीट घातली तर चालेल का? घालायची तर त्या खोलीचं सोलिंग आत्ताच तेवढं खाली धरावं लागेल, नाहीतर दारात पायरी होईल आणि तिला तीच अडखळायची. आणि ओलीसाठी 250 मायक्रॉनचं प्लास्टिक पुरतं का? आमच्या बाजूला कुणी घातलं असेल तर सांगा.

प्रतिसाद :

दादा, ओल आणि गारठा हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधात बसवू नका. लोणा फुटतोय म्हणजे पाणी खालून चढतंय. खात्री हवी तर जुन्या फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा. दुसऱ्या दिवशी पाणी तुकड्याखाली जमलं तर जमिनीतलं, वरून दमट झाला तर हवेतलं. मात्र हे पावसाळ्यातच कळेल.

250 मायक्रॉन चालेल, पण सोलिंगच्या खडीवर थेट अंथरू नका, टोचून चाळण होते. आधी वाळूचा थर द्या. जोडाला फूटभर एकावर एक घ्या आणि कडा भिंतीपाशी वर वळवून डीपीसीला (भिंतीतल्या ओल अडवणाऱ्या थराला) भिडवा. ओल बहुतेक त्या कडेनेच शिरते.

आईंच्या खोलीत शीट जरूर घाला. साधा थर्माकोल नको, तो पाणी धरतो. एक्सपीएस पीसीसीच्या वर टाका, त्यावर जाळी घालून 50 मिमी काँक्रीट, मग फरशी. वाळवी शीट खात नाही, पण पोखरून वाट काढते, एवढं गवंड्याचं खरं. तेव्हा मुरुमावर वाळवीच्या औषधाची फवारणी आधी, प्लास्टिक नंतर. आणि त्या खोलीत चकचकीत व्हिट्रिफाइड बसवू नका, ओल्या पायाने घसरायला होतं.

सोलिंग खाली धरताना शीट आणि काँक्रीट दोन्हींची जाडी मोजा, नुसते 25 मिमी धरून भागणार नाही.