हायब्रीड गाडी पावसाळाभर उभी होती, आता स्टार्टच होत नाही. मोठी बॅटरी गेली का?

वाळपईकर:
नमस्कार मंडळी. भाऊ बोटीवर असतो, त्याची स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर, दोन्हीवर चालणारी) एसयूव्ही आमच्या घरामागच्या शेडमध्ये असते. यंदा पावसात कुणी हातच लावला नाही, मी आपला स्कूटरवाला. आता तो चवथीला येणार म्हणून काल काढायला गेलो तर रिमोटने दारच उघडेना, आतली लोखंडी चावी काढून उघडलं, बटण दाबलं तर डॅशबोर्डवर सगळे दिवे मिणमिणले आणि आतून नुसतं टक टक टक. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर न बघताच म्हणतो हायब्रीड बॅटरी गेली असणार, टो करून आणा, लाखाच्या वर धरून चला. गाडी २०२३ ची आहे हो! एवढ्यात जाते का? भावाला कळवायच्या आधी खात्री करायचीय, नाहीतर तो तिथे बसून माझं डोकं खाईल.

डिचोलीकर:
टो बिट काही करू नकोस. ही लक्षणं बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची आहेत. मोठी बॅटरी गाडी ओढते पण तिला लाईनीत घेणारे रिले (विजेवर चालणारे स्विच), कॉम्प्युटर, दारं सगळं छोटीवर चालतं, ती उतरली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. मल्टीमीटर लाव, १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे झोपली. जंपर केबल मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटलाच लाव, प्लस मायनस उलटं झालं तर मात्र खरंच मोठा खर्च, आणि केशरी वायरींना हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या. डॅशबोर्डवर रेडी दिवा (गाडी चालायला तयार) लागला की मीटर १४ च्या जवळ जायला हवा. मग साखळी गावापर्यंत एक फेरी मारून ये. नुसती उभी ठेवून चार्ज करणार असशील तर पी (पार्क) मध्ये ठेव, न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्ज होत नाही.
आणि वॉरंटीचे कागद काढ आधी. हायरायडर, ग्रँड विटारा असल्या गाड्यांना हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते. २०२३ च्या गाडीला लाख सांगणाऱ्याला हे माहीत नाही होय?

म्हापसेकर:
+१. चालू झाली तरी लगेच घाटात नेऊ नकोस, आधी बॉनेट उघडून बघ. पावसात उंदीर कोरड्या जागेला येतात आणि वायरी कुरतडतात, आमच्याकडे शेजाऱ्याच्या गाडीत नारळाच्या काथ्याचं अख्खं घरटं निघालं. दुसरं, मागच्या सीटच्या बाजूला हवेची जाळी असते ती बघ, तिथून बॅटरीचा पंखा हवा ओढतो, तिच्यावर पिशव्या, चटया ठेवल्या की बॅटरी तापते. पहिले काही ब्रेक खरखरतील, घाबरू नकोस, डिस्कवर गंज धरतो. हायब्रीडमध्ये मोटरच बराचसा ब्रेक लावते त्यामुळे पॅड कमी झिजतात पण गंजही लवकर निघत नाही, त्यात आपली खारी हवा.

वाळपईकर:
मीटरला ११.३ दाखवतोय!! शेजारच्या पोराने केबल लावली, रेडी लागला, इंजिन आपोआप सुरू झालं, थोड्या वेळाने आपोआप बंद. एवढं सगळं फोनवर लाखात उरकलं होतं त्या वर्कशॉपवाल्याने. आता पीयूसी संपलीय, पण धुराच्या पाईपात नळी घातल्यावर इंजिन बंद पडलं तर रीडिंग कसं येणार?

फोंड्याचा भाचा:
हा घोळ पीयूसीवाल्याकडे नेहमीचा. मेंटेनन्स मोड म्हणून प्रकार असतो, त्यात इंजिन सतत चालू राहतं, कसा लावायचा ते सर्व्हिसवाल्याला विचारून घे. टेस्ट झाली की पॉवर बंद करून परत चालू कर म्हणजे मोड जातो, नाहीतर उगाच पेट्रोल जाळत बसेल. थंड इंजिनवर नेऊ नकोस, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही.
भाऊ आल्यावर अ‍ॅव्हरेजवरून बोलेल बघ. कंपनी लिटरला २७.९७ किमी सांगते ती टेस्टमधली. पर्वरीच्या जाममध्ये हायब्रीड खरी वसूल होते, हायवेला तेवढा फरक नाही. त्यात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे टाकीत ६-७ टक्के तिथेच गेले.
चोर्ला घाट उतरताना बी मोड (गिअरमधली उतारावर ब्रेकसारखी ओढ देणारी जागा) लावायला सांग त्याला. बॅटरी लहान, उतारावर पटकन भरते, मग इंजिन मोठ्याने ओरडायला लागतं. ते इंजिन ब्रेकिंग आहे, बिघाड नव्हे.

डिचोलीकर:
भाऊ परत बोटीवर गेला की दर आठवड्याला एक फेरी तुझी, स्कूटरवाल्या. आणि बारा व्होल्टची एकदा लोड टेस्ट (भार टाकून ती टिकते का ते बघणं) करून घे, एवढी खाली गेलेली बॅटरी पुढच्या पावसात दगा देऊ शकते.