पेटंटचा ऑनलाइन बाजार: मराठवाड्यातल्या पोरांना भाव मिळेल का?

औसेकर

माझा मावसभाऊ औसा तालुक्यात वेल्डिंगचं दुकान चालवतो. तुरीचे शेंडे खुडायला बाया मिळेनात म्हणून त्यानं फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालणारं यंत्र केलं. तसली यंत्रं बाजारात बरीच आहेत, पण याच्या यंत्रात फांदी अडकली की पातं मोटरपासून आपोआप सुटतं. त्यामुळं मोटर जळत नाही अन् हातालाही हिसका बसत नाही. तेवढ्याच भागाचं पेटंट त्यानं घेतलंय. २०१९ला अर्ज केला, २०२३ला मंजूर झालं.

आता ते पेटंट विकायचं कुणाला? लातूरच्या दुकानदाराला यंत्र पाहिजे, कागद नको. मोठ्या कंपनीच्या गेटवर वॉचमनच अडवतो. शेवटी त्यानं एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी केली. तिथं पेटंटची किंमत काढून देतात, यादीत टाकतात आणि घेणारा आला की बोलणं करून देतात. चार महिन्यांत दोन चौकश्या आल्या, त्यातली एक थेट कोइम्बतूरच्या पंपवाल्याची. इथं बसून हे कधी झालं असतं का?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मोंढ्यात सोयाबीनचा भाव मोबाइलवर दिसायला लागल्यापासून व्यापाऱ्याला मनाला येईल तो आकडा सांगता येत नाही. डोक्यातल्या मालालाही असाच उघडा बाजार पाहिजे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी, वाळूजच्या वर्कशॉपांनी आपलं काम अशा ठिकाणी टाकलंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

जालन्याचा टर्नर

दादा, मोंढ्याची तुलना पटली नाही. सोयाबीनचा ओलावा मोजता येतो, माती-काडी मोजता येते, आणि एका कट्ट्यासारखाच दुसरा कट्टा असतो. पेटंट एकासारखं दुसरं नसतंच. मग भाव कशावरून काढणार?

माझाच अनुभव सांगतो. अशाच एका ठिकाणी मी अहवालाचे १५,००० रुपये भरले. माझ्या बियाणं-प्रतवारीच्या चाळणीची किंमत साडेअकरा लाख आली. घरात पेढे वाटले. आठ महिने झाले, एकही फोन नाही. मग अहवाल नीट वाचायला बसलो. पद्धत अशी: यंत्र ४,००० रुपयांना विकलं, रॉयल्टी ५ टक्के धरली, म्हणजे एका नगामागं २०० रुपये. वर्षाला ५०० नग खपले तर एक लाख, ५,००० खपले तर दहा लाख. हा नगांचा आकडा कुठून आला? मीच फॉर्ममध्ये अंदाजानं भरला होता! माझाच अंदाज मला छापून परत दिला आणि त्याचे पैसे घेतले.

मोठ्या देशांतही हे चाललेलं नाही. शिकागोत आयपीएक्सआय नावाचा पेटंट-परवान्यांचा रीतसर एक्स्चेंज निघाला होता, शेअरसारखे परवान्याचे युनिट विकणारा. २०१५ला बंद पडला. कंपन्या आपण होऊन परवाना घ्यायला आल्याच नाहीत.

औसेकर

तुमचे पैसे गेले त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण एका दुकानदारानं फसवलं म्हणून बाजारच नको का? डब्ल्यूआयपीओ म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, तिचं हरित तंत्रज्ञानाचं व्यासपीठ २०१३पासून चालू आहे. ते भाव लावत बसत नाही, गरजवंत आणि शोधक यांची गाठ घालून देतं. आपल्याकडं एनआरडीसी, म्हणजे सरकारचं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ, १९५३पासून संशोधन संस्थांचं तंत्रज्ञान उद्योगांना परवान्यानं देतंय. म्हणजे मधला माणूस लागतोच. तो मोबाइलवर आला तर बिघडलं कुठं?

गोदाकाठची वकील

औसेकर दादा, तुमची तळमळ समजते. पण मधला माणूस मोबाइलवर आला की बिघडतं कुठं, ते सांगते. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं इथंच अडकलेली असतात.

पोरगं अर्ज करायच्या आधीच यंत्राची चित्रं, मापं, व्हिडिओ सगळं अशा साइटवर चढवतं. कुणीतरी बघावं, किंमत सांगावी म्हणून. ते जगासमोर आलं की नवेपणा गेला, आणि नवेपणा गेला की पेटंट मिळणं अवघड. किंमत मागायला गेला आणि मालच गमावला. तात्पुरत्या तपशिलासह ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला १,६०० रुपये आहे. तो आधी करा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. प्लॅटफॉर्म, प्रदर्शन, यूट्यूब हे सगळं त्याच्यानंतर.

दुसरं, विक्रीचा करार लेखीच लागतो आणि त्याची नोंद पेटंट कार्यालयाच्या रजिस्टरात करावी लागते. साइटवर 'विकले गेले' अशी हिरवी खूण दिसली म्हणजे हक्क बदलला असं होत नाही.

आणि विकायचंच कशाला? परवाना द्या. एका जिल्ह्यापुरता, तीन वर्षांसाठी, नगामागं रॉयल्टी ठरवून. पेटंट अर्जापासून २० वर्षं चालतं. वीस वर्षांची वस्तू पहिल्या फोनवर देऊन टाकायची नसते.

केसर बाग

मराठवाडा केसर, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. आमच्या शेतकरी गटाला एकानं सांगितलं की याचंही मूल्यांकन करून ऑनलाइन विकता येतं. खरं आहे का ताई?

गोदाकाठची वकील

अजिबात नाही! १९९९च्या जीआय कायद्यात कलम २४ स्पष्ट आहे. जीआय विकता येत नाही, परवान्यानं देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. तो हक्क त्या भागातल्या उत्पादकांचा एकत्र असतो. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा आणि आंबा विका. असं सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका, आणि गटातल्या बाकीच्यांनाही आजच कळवा.

जालन्याचा टर्नर

ताईंचं म्हणणं सोळा आणे खरं. मला एवढंच जोडायचंय, किंमत गिऱ्हाइकाच्या दुकानात ठरते. माझी चाळणी शेवटी इथल्याच एका बियाणं प्रक्रियावाल्यानं घेतली. त्यानं अहवाल बघितला नाही. दोन पोती हरभरा ओतला, मातीचे खडे किती निघाले ते पाहिलं, मग रॉयल्टीवर बोलला. औसेकर, कामून आकड्याच्या मागं लागलाय तुम्ही? त्या पंपवाल्याला यंत्र पाठवा. पातं सुटताना त्याला स्वतःच्या हातानं बघू द्या.

औसेकर

यंत्र पाठवायचं पटलं. पण माझं मत तसंच आहे. कोइम्बतूरवाल्याला औसा कुठं आहे हे त्या यादीमुळंच कळलं. तुमचा गिऱ्हाईक जालन्यातच होता, म्हणून तुम्हाला यादी लागली नाही. ज्याच्या गावात गिऱ्हाईकच नाही त्यानं काय करावं? भावाचा अहवाल नको, फुकट यादी पाहिजे. आणि ती सरकारनं किंवा विद्यापीठानं चालवावी, एवढं मी आता म्हणेन.

गोदाकाठची वकील

यादीला माझा विरोध नाही. पण २०१९चा अर्ज म्हणालात ना? सातव्या वर्षाची नूतनीकरण फी भरली का? सहाव्या वर्षापर्यंत ८०० होती, आता २,४०० लागते. मुदत चुकली तर जादा फी भरून सहा महिने वाढवून मिळतात, त्यानंतर पेटंट बंद पडतं. पंपवाल्याचा वकील सगळ्यात आधी हेच तपासेल.

औसेकर

आत्ता फोन लावला. भरलेली नाही. मुदत संपून चार महिने झालेत. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याला घेऊन बसतो. ताई, वाढीव मुदतीसाठी कुठला फॉर्म लागतो तेवढं कळवा.

गोदाकाठची वकील

फॉर्म ४. पेटंट नंबर आणि अर्जाची तारीख हाताशी ठेवा.